पायावरून ओळख

“ओळखलं नाही का?” या तीन शब्दांना मी जितकी घाबरते तितकी विंचवालाही घाबरत नाही. विंचू दिसला तर निदान चप्पल हातात घेता येते. समोरचं माणूस हसत हसत “ओळखलं नाही का?” म्हणालं की माझ्या हातात काहीच नसतं. मग मी आधी तोंडभर हसते, “अगंबाई, तुम्ही होय,” म्हणते आणि पुढची पाच मिनिटं त्याच्या बोलण्यातून ते कोण, हे हुडकत बसते. आयुष्यभर हाच धंदा केला. या हसण्यापायी एकदा मी चार वर्षांची पोर भलत्याच बाईच्या हातात दिली. ते सांगायला आज बसले आहे, आणि आढेवेढे घेतले तर पुन्हा उठून जाईन, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मला चेहरे ओळखता येत नाहीत. विसरते असं नाही. नाक दिसतं, डोळे दिसतात, कपाळावरची टिकली दिसते, पण ते सगळं मिळून एक माणूस होत नाही. माणसानं पाठ फिरवली की पाटी कोरी. नजर चांगली आहे, सुईत दोरा अजून बिनचष्म्याचा ओवते. डोकंही ठिकाणावर आहे, पाढे तिसापर्यंत येतात. याला काही इंग्रजी नाव आहे आणि माझ्यासारखी आणखीही माणसं जगात आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं. तोवर मला एकच नाव होतं, शिष्ट. धुळ्यात माहेरी शिष्ट, जळगावात सासरी शिष्ट. रस्त्यात समोरून सख्खी मावशी आली तरी मी सरळ निघून जायचे, मग दुसरं काय म्हणणार?

सात वर्षांची असताना धुळ्याच्या बाजारात मी हिरव्या काठाच्या पातळाचा पदर धरून अर्धा बाजार चालले. भाजीच्या ओट्यापाशी त्या बाईनं खाली बघितलं आणि म्हणाली, “तू कोनी पोर शे व?” म्हणजे कोणाची पोर तू? तेव्हा कुठे मला कळलं की ही आई नव्हे. आई तिकडे मिरचीच्या ढिगापाशी रडत उभी होती. मला शोधताना तिनं चार माणसांना माझं वर्णन सांगितलं होतं, रंग कसा, नाक कसं, कानात काय. मी मात्र आईचं वर्णन विचारल्यावर एवढंच सांगू शकले होते की तिचं पातळ हिरव्या काठाचं आहे. घरी गेल्यावर मार बसला. त्या दिवसापासून मी पातळं बघायचं सोडलं आणि पाय बघायला लागले.

कारण माणूस कपडे बदलतं, दाढी काढतं, पावडर लावतं, चष्मा घेतं. चालीला कोणी काही करत नाही. आई चालायची तेव्हा उजवा खांदा आधी पुढे यायचा. वडील टाचा आपटत यायचे. घराच्या ओसरीत बसून मी गल्लीच्या टोकाचं माणूस सांगायचे, आणि तेच माणूस समोर येऊन उभं राहिलं की गप्प व्हायचे. उभ्या माणसाला चाल नसते ना.

लग्नानंतर हे नवऱ्यापासूनही मी सहा वर्षं लपवलं. नवऱ्याला भरघोस मिशी होती, त्या मिशीवर माझा संसार चालला होता. मग सासरे गेले. दशक्रियेला घरातले सगळे पुरुष नदीवर गेले आणि परत आले ते डोकी आणि मिशा उतरवून. अंगणात एकसारखी पांढऱ्या कपड्यातली अकरा माणसं. मी एकाला गाठलं आणि पदर सावरायच्याही भानगडीत न पडता म्हटलं, “सकाळची गोळी घेतली का? किती वेळा सांगायचं तुम्हाला?” ते माझे चुलत जेठ होते, म्हणजे थोरले दीर. ज्यांच्यासमोर सहा वर्षांत मी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता, ते. अंगणातल्या बाया आधी बघत राहिल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या. नवरा हसला नाही. त्यानं रात्री विचारलं, मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं.” एवढंच. पण तेव्हापासून गर्दीत, लग्नात, बाजारात कुठेही माझ्याजवळ आला की तो आधी खाकरतो. आजही खाकरतो. माझ्यावर एवढी माया दुसऱ्या कोणी केली नाही.

नवरा सोडला तर कोणाला सांगितलं नव्हतं. शाळेत तर नाहीच नाही. मी जळगावातल्या एका शाळेत बालवाडीची बाई आहे. बालवाडीच्या बाईचं पहिलं काम गाणी शिकवणं नाही, सुटीच्या वेळी फाटकात उभं राहून ज्याचं मूल त्याच्या हातात देणं हे आहे. ज्या बाईला चेहरे ओळखता येत नाहीत तिला फाटकावर कोण उभं करील? म्हणून मी बोलले नाही. नोकरी मला हवी होती आणि काम मला येत होतं. चाळीस मुलांच्या चाळीस आया, त्यांच्या चपलांचे आवाज, बांगड्या, कोण स्कूटीवरून उतरताना आधी उजवा पाय टाकते, कोणाचे आजोबा काठी कशी टेकतात, सगळं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

आणि उन्हाळ्यात तर माझ्यासारखी ओळखणारी दुसरी कोणी नव्हती. मार्च संपला की जळगावातली तोंडं गायब होतात. बाया स्कार्फ असा गुंडाळतात की दोन डोळे तेवढे उरतात, त्यावरही काळा चष्मा. वरून पांढरा सनकोट, हातात मोजे. पुरुष रुमाल आवळतात. बँकेत, दवाखान्यात, भाजीवर, जिकडे तिकडे तोंड बांधलेली माणसं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तोंड सोडा, असं कोणी कोणाला म्हणत नाही. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत तोंड सोडायला लावणं म्हणजे अंगावर उकळतं पाणी टाकल्यासारखं. मग बाकीच्या शिक्षिका फाटकात गोंधळायच्या, डोळ्यांत डोळे घालून बघायच्या, आणि मी रिक्षातून उतरणारा पाय बघून आतल्या पोराला हाक मारायचे. “बाई, तुमची नजर म्हणजे नजर आहे,” असं म्हणायच्या सगळ्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, मी त्या कौतुकावर फुगले होते.

त्या वर्गात जूनपासून एक चार वर्षांची मुलगी होती. तिच्या आईनं जानेवारीत येऊन मला बाजूला घेतलं होतं. नवऱ्याशी पटत नव्हतं, ती पोरीला घेऊन जळगावला आईकडे राहायला आली होती, सासर दोंडाईच्याच्या बाजूला. पोर कोणाकडे राहायची ते कोर्टात चाललं होतं. “बाई, माझ्याशिवाय कोणीही आलं तरी द्यायची नाही,” ती म्हणाली. “एकदा तिकडे गेली तर मला परत दिसायची नाही.” मी हजेरीत तिच्या नावापुढे लाल शाईनं लिहिलं, फक्त आईकडे.

ही आई मला सगळ्यांत सोपी होती. तिचा डावा पाय लहानपणच्या तापात अधू झालेला असावा. चालताना तो किंचित ओढला जायचा. डाव्याची सर्र, उजव्याची टप. साडी पायघोळ, डाव्या चपलेचा तळ जाड. तिची रिक्षा नेहमी अगदी फाटकाला येऊन लागायची, उतरून चारच पावलं. मला ती चार पावलं पुरायची. रिक्षा इतकी जवळ का लावते, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

एप्रिलचा तो दिवस. शाळा साडेअकराला सुटली. शिपाईकाका माठ भरायला आत गेले होते, रोज जायचे. फाटकाबाहेर रिक्षा, स्कूट्या, भोंगे, आणि रस्ता नुसता भाजत होता. मी एकेक मूल सोडत होते. तेवढ्यात गजांच्या बाहेर एक बाई येऊन उभी राहिली. पांढरा सनकोट, फुलाफुलांचा स्कार्फ, चष्मा. तिनं गजांतून थंडगार नारिंगी पेप्सीची कांडी आत केली आणि त्या मुलीला हाक मारली. पोरगी धावत गेली, कांडी तोंडात घातली आणि गजांतूनच तिला बिलगली.

मी तिला येताना पाहिलं होतं. म्हणजे पाहिलं आणि मनाशी म्हटलंही होतं की ही ती नव्हे. टाचा आपटत आली होती. उजवा हात हलत नव्हता, कमरेला घागर धरल्यासारखा अंगाशी चिकटलेला होता. पायात पुरुषी चपला. सर्र नाही, टप नाही. मला एवढं सगळं कळत होतं.

म्हटलं, “तुम्ही कोण?”

“अहो, मी आई हिची.”

मी म्हटलं, “तोंड सोडा जरा.”

आत्ता लिहिताना माझं मलाच हसू येतं, आणि रडूही. तोंड सोडून मला काय कळणार होतं? पण बाकीच्या बाया असंच म्हणतात म्हणून मी म्हटलं. तिनं चष्मा काढला, स्कार्फ झटक्यात हनुवटीखाली ओढला. नाक, डोळे, टिकली, घामानं चिकटलेले केस. एक चेहरा. मागे स्कूटीवाला भोंगा वाजवत होता. ती हसली आणि म्हणाली, “ओळखलं नाही का बाई? रोज तर बघता.”

झालं. ते तीन शब्द ऐकले आणि माझं तोंड आपोआप हसलं. पन्नास वर्षांची सवय. डोक्यात पाय ओरडत होते, ही ती नव्हे, आणि मी मनाशी म्हणत होते, अगं तिचा पाय आज बरा असेल, चपला बदलल्या असतील, एवढी बाई तोंड सोडून समोर उभी आहे आणि तू तिला आई नाहीस म्हणतेस? सगळ्यांसमोर? मी पोरीला विचारलं, “आई आली ना गं?” तिनं बर्फ चोखत मान हलवली. चार वर्षांच्या मुलाला असं विचारायचं नसतं, ते हो म्हणणारच, हे मी नव्या बायांना दरवर्षी शिकवते. मी “अगंबाई, तुम्ही होय,” म्हटलं आणि फाटक उघडलं.

दहा मिनिटांनी शेवटची चार मुलं उरली होती. एक रिक्षा फाटकाला लागली. सर्र. टप. सर्र. टप.

तिनं स्कार्फ सैल केला, आत बघितलं, आणि म्हणाली, “बाई, उशीर झाला हो. कुठे आहे?”

मी म्हटलं, “तिला नेलं.”

“कोणी?”

“तुम्ही,” मी म्हटलं. वेडीच होते मी. मग म्हटलं, “मला वाटलं तुम्ही.”

ती ओरडली नाही. तिनं फाटकाचा गज धरला, तो तापलेला होता तरी सोडला नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, धावत आल्या. त्यांनी पोलिसांना फोन लावला. आई नवऱ्याला फोन लावत होती, तो उचलत नव्हता. मोठ्या बाईंनी मला विचारलं, “कशी होती दिसायला? गोरी, सावळी? वय किती? नाकात काही?” तोंड सोडायला लावून बघितलेल्या बाईचं मला काही म्हणजे काही सांगता येईना. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी डोळे मिटले आणि जे येत होतं ते सांगितलं. टाचा आपटते. पुरुषी चपला, उजवी बाहेरच्या बाजूनं झिजलेली. उजवा हात हलत नाही, कोपरात वाकवून कमरेशी धरते.

आईनं फोन खाली घेतला. “अक्का,” ती म्हणाली. “माझी नणंद. विहिरीवर पडून कोपर मोडलं होतं तिचं, तेव्हापासून हात सरळ होत नाही.”

म्हणजे दोंडाईचा. तिकडे जायला आगगाडी आहे, किंवा बसनं धुळे आणि तिथून पुढे. शिपाईकाकांना मोठ्या बाईंनी स्टेशनवर पिटाळलं. आई आणि मी तिच्याच रिक्षानं बसस्टँडवर निघालो. रिक्षावाला सिग्नलला थांबला तर मी त्याच्या अंगावर खेकसले. त्याचा काय दोष होता?

बाराची वेळ, लग्नसराई. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आमच्यासमोर शे-दीडशे बाया, सगळ्यांची तोंडं बांधलेली. पांढरे सनकोट, फुलाफुलांचे स्कार्फ. कडेवर, मांडीवर पोरं, तीही टोप्यांत, रुमालांत गुंडाळलेली. आई घुसली आत. एकेकीच्या तोंडासमोर जाऊन बघत होती. एकीचा स्कार्फ तिनं ओढलाच, त्या बाईनं तिला ढकललं. दुसरीच्या मांडीवरच्या पोराची टोपी काढली. लोक चिडले. “काय बाई आहे, काय झालंय हिला?” ती कोणाला सांगायच्याही मनःस्थितीत नव्हती. तिला नणंदेचा चेहरा पाठ होता, सात वर्षं एका घरात राहिल्या होत्या, आणि आज तो चेहरा काही कामाचा नव्हता.

मी चौकशीच्या खिडकीशेजारच्या ओट्यावर चढले आणि उभी राहिले. मला कळत होतं की काम आता माझं आहे, आणि तेही जमत नव्हतं. कारण सगळ्या बसलेल्या होत्या. बाकांवर, पिशव्यांवर, फरशीवर. बसलेल्या माणसाला चाल नसते. उठून चार पावलं चाला गं कोणीतरी, असं मी मनात म्हणत होते. एक उठली, नळावर गेली. ती नव्हे. एक पोराला घेऊन आडोशाला गेली. ती नव्हे. आई माझ्यापाशी आली आणि तिनं माझं मनगट धरलं. “उभ्या काय राहिल्यात? शोधा ना. तुम्ही बघितलंय तिला, तोंड बघितलंय.”

“थांबा,” मी म्हटलं. “बोलू नका माझ्याशी.”

फार वाईट बोलले. तिचं पोर मी घालवलं होतं आणि तिलाच गप्प बसवत होते. पण मला पायांवरून नजर काढायची नव्हती.

धुळ्याची गाडी आली. गर्दी उठली, पण गर्दी चालत नाही, नुसती रेटते. दारापाशी एकच गोळा झाला. त्यात टाच कुठली आणि हात कुठला? गाडी भरून निघाली असती तर संपलं होतं. आणि तेवढ्यात कंडक्टर खिडकीतून ओरडला की ही गाडी चोपड्याला लागणार, धुळ्याची पलीकडे शेवटच्या फलाटावर लागतेय. एरवी अशा कंडक्टरला मी शिव्या घातल्या असत्या. गर्दीनं त्याला घातल्याच. मग सगळी वळली आणि पिशव्या उचलून पलीकडे चालायला लागली. इकडून तिकडे वीस पावलं. वीसच पावलं माझ्या समोरून सगळं स्टँड चालत गेलं.

आठव्या-नवव्या पावलाला मला ती दिसली. स्कार्फ आता निळा होता, सनकोट काढलेला. झोपलेलं मूल डाव्या खांद्यावर, डोक्यावर टॉवेल. उजवा हात कमरेशी. टाच, टाच, टाच. झिजलेली चप्पल बाहेर कलत होती.

ओट्यावरून उडी मारली तेव्हा माझा घोटा मुरगळला. मी जाऊन तिचा उजवा दंड धरला. तेवढ्यातही मनात आलं, ही नसली तर? चेहऱ्यानं मला कधीच खात्री दिली नाही, पायांनीही आयुष्यात पहिल्यांदाच दगा दिला तर? तिनं मान वळवली आणि विचारलं, “कोण तुम्ही?” तो आवाज. “रोज तर बघता” म्हणणारा तोच आवाज.

मी म्हटलं, “ओळखलं नाही का?”

आई पोचली. टॉवेल काढला. पोर घामानं चिंब झाली होती, ओठ पेप्सीनं नारिंगी. डोळे उघडून तिनं आईला बघितलं आणि कुरकुरत हात पुढे केले. आईनं तिला घेतलं आणि तिथेच फरशीवर बसली.

लोक जमले. चौकीतला हवालदार आला. नणंद घाबरली होती, फाटकातलं शहरी बोलणं तिच्या तोंडून गेलं. “पोर आमनी शे,” ती म्हणाली. “मी तिनी सखी आत्या शे. आजी खाटवर पडेल शे, नातले दखाले जीव टांगाई ऱ्हायना तिना. चोरीसन नही लयनी मी, तोंड दखाडीसन लयनी. इचारा ह्या बाईले.” आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. पोर आमची आहे, आजी आजारी आहे, आणि मी चोरून नाही, तोंड दाखवून आणली. खरंच तर होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तिच्याबद्दल मला राग यायला हवा होता, पण तिच्या पिशवीत बिस्किटांचे पुडे आणि एक नवा फ्रॉक होता, तो हवालदारानं बाहेर काढून ठेवला, आणि मला नुसतीच लाज वाटली.

जबाब झाले. मग आई आणि मी चौकीबाहेरच्या बाकावर बसलो, पोर मधे. तिनं पोरीचं तोंड ओल्या पदरानं पुसलं. मग ती म्हणाली, “तिनं तोंड सोडलं होतं ना तुमच्यासमोर?”

“हो.”

“तुम्ही मला दहा महिने बघताय. रोज. मग पोरीला सोडलंत कसं?”

खोटं बोलता आलं असतं. भोंगे वाजत होते, ऊन होतं, घाई झाली. सगळं खरंही होतं. पण ती पोरीचा पाय हातात धरून बसली होती, आणि मला वाटलं, आता इथेही हसून वेळ मारून नेली तर मी कोणत्या तोंडानं शाळेत जाऊ? मी म्हटलं, “मला चेहरे ओळखता येत नाहीत. जन्मापासून. तिचा नाही आला, आणि तुमचाही येत नाही. आत्ता तुम्ही उठून समोर जाऊन उभ्या राहिलात तर मला सांगता येणार नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं. “मग इतके दिवस माझी मुलगी माझ्याच हातात कशी देत होतात?”

“तुमच्या पायावरून.”

बोलले आणि जीभ चावली. तिनं खाली बघितलं. साडीची किनार तिनं डाव्या पावलावर ओढून घेतली, नकळत, रोजची सवय असल्यासारखी. आणि मला तेव्हा कळलं की रिक्षा फाटकाला का लागते, साडी पायघोळ का, चपलेचा तळ जाड का. ती आयुष्यभर जे झाकत आली होती त्याच्यावरूनच मी तिला ओळखत होते.

“म्हणजे दिसतं ते,” ती म्हणाली.

“मला दिसतं,” मी म्हटलं. “माझ्याकडे दुसरं काही नाही म्हणून.”

तिनं पोरीला उचललं आणि गेली. मी तिला जाताना बघितलं नाही, मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं आणि राजीनामा पुढे केला. त्या आधी चिडल्या, “एवढी वर्षं?” म्हणाल्या, आणि चिडायलाच हवं होतं. राजीनामा घेतला नाही, पण मला फाटकावरून काढलं. मे महिनाभर मी घरात कोणाशी धड बोलले नाही. नवरा खोलीत यायच्या आधी दोनदा खाकरायचा.

जूनमध्ये नवा नियम झाला. फाटकावर दोघी उभ्या राहतात. एक बाई तोंड बघते आणि मी पाय बघते. दोघींचं जुळलं तरच मूल बाहेर. पहिल्या दिवशी हजेरी बघितली तर ती मुलगी वर्गात होती. मला वाटलं होतं नाव काढलं असेल.

शाळा सुटली. रिक्षा आली, पण फाटकाला लागली नाही. कोपऱ्यावर निंबाचं झाड आहे, तिथे थांबली. ती उतरली. तिथून फाटकापर्यंत चांगलं शंभर पावलांचं अंतर आहे, आणि सगळे पालक रस्त्याच्या कडेला उभे होते. साडी तिनं वर खोचली होती. घाई केली नाही. सगळ्यांच्या समोरून, मधल्या रस्त्यानं, ती चालत आली. सर्र, टप. सर्र, टप. दोन-चार जणांनी वळून बघितलं. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघत होती.

फाटकापाशी आली. दम लागला होता. “ओळखलं का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “निंबापासूनच.”